लष्कराचे बिनपगारी निरोप्ये

अमेरिकेच्या आरमाराची एक जुनी योजना ३० सप्टेंबर २०१५ रोजीं बंद झाली. आमच्याकडे ती बातमी फारशा कोणाच्या वाचनांत आली नसेल. तिच्यामुळें कोणा सैनिकाची नोकरी गेली नाहीं, कीं कोणतें जहाज मोडींत निघालें नाहीं. जीं माणसें त्या दिवशीं कामांतून मोकळीं झालीं तीं मुळांत पगारदार नव्हतींच. आपल्या घरीं, आपल्या खर्चानें, आपल्या फुरसतीच्या वेळीं आरमाराचे निरोप बिनतारी यंत्रानें पोंचविणारीं तीं हौशी माणसें होतीं. १९६३ सालापासून त्यांचें हें काम चाललें होतें. भूदल व विमानदल यांच्या अशाच योजना आरमाराच्या योजनेनंतरहि राहिल्या. परंतु त्यांचेंहि पूर्वींचें वैभव तोंपर्यंत ओसरलें होतें. गोष्ट दूर देशची खरी. तथापि तिच्या पोटांत जो प्रश्न आहे तो कोणत्याहि देशांतील विद्यार्थ्यानें व पालकानें विचार करावा असा आहे. साधारण नागरिकानें केवळ आवडीनें मिळविलेल्या विद्येची राष्ट्राच्या संरक्षणाला कांहीं गरज उरली आहे काय?

हौशी बिनतारीवाला म्हणजे कोण, हें प्रथम सांगितलें पाहिजे. कारण ज्याच्या घरांत प्रत्येकाच्या हातीं मोबाइल आहे त्या मुलाला ‘बिनतारी’ या शब्दाचें कौतुक कोठून असणार? आपण रेडिओ ऐकतों, तेव्हां आपण केवळ श्रोते असतों. हौशी बिनतारीवाला ऐकतो आणि बोलतोहि. सरकारी परीक्षा देऊन तो परवाना मिळवितो, त्याला अक्षरांचें व अंकांचें एक सांकेतिक नांव मिळतें, आणि मग तो घरच्या यंत्रावरून जगांतील आपल्यासारख्या इतरांशीं संभाषण करतो. इंग्रजींत अशा मनुष्याला हॅम म्हणतात. या कामाबद्दल त्यानें पैसा घ्यावयाचा नाहीं, व बोलणें उघड भाषेंत करावयाचें, अशा दोन मोठ्या अटी त्याच्यावर असतात. त्याच्या लहरी कशा प्रवास करतात हें विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत घेण्यासारखें आहे. सुमारें ३ ते ३० मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यांतील लहरी आकाशांत चढून जातात, तेथें शंभर ते चारशें किलोमीटर उंचीवर सूर्यप्रकाशानें विद्युद्भारित झालेले हवेचे थर त्यांना वांकवून पुन्हां जमिनीकडे पाठवितात, आणि अशा उड्या घेत त्या समुद्रापार जातात. मध्यें ना मनोरा लागतो, ना उपग्रह, ना समुद्रतळाची तार. एका साध्या विजेच्या दिव्याला पुरेल इतक्या शक्तीनें मुंबईचा आवाज युरोपांत ऐकूं जाऊं शकतो. मात्र ही वाट सूर्याच्या लहरीवर अवलंबून. दिवसाची वेळ, ऋतु आणि सूर्याचें सुमारें अकरा वर्षांचें चक्र यांप्रमाणें ती उघडते व मिटते. कोणती वाट केव्हां उघडी असेल याचें ज्ञान पुस्तकापेक्षां रात्रीच्या रात्री कानाला यंत्र लावून बसल्यानें येतें.

हीच गोष्ट अमेरिकन भूदलाच्या संदेशवाहक खात्यानें १९२५ सालीं ओळखली. पहिल्या महायुद्धांत बिनतारी चालकांची किती टंचाई पडते हें सर्व राष्ट्रांनीं पाहिलें होतें. असा चालक पंधरा दिवसांत तयार होत नाहीं; आणि गांवोगांव शेंकडों तरुण तर ती विद्या आपण होऊन शिकत होते. तेव्हां भूदलानें त्यांची एक संघटना बांधली. नेमलेल्या वेळीं नेमलेल्या लहरीवर त्यांनीं जमावें, लष्करी पद्धतीनें निरोप द्यावे-घ्यावे, तारा तुटल्या तर सरकारचें काम चालवावें, आणि युद्धप्रसंगीं सैन्याला तयार माणसें मिळावीं, असा तिचा उद्देश होता. १९३६ व १९३७ सालच्या महापुरांत तारा वाहून गेल्या, तेव्हां हौशी लोकांच्या यंत्रांचा मोठा उपयोग झाला. मूळ उद्देश काय होता हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढील सर्व विवेचन त्यावरच उभें आहे.

७ डिसेंबर १९४१ रोजीं पर्ल हार्बरवर हल्ला झाला, आणि दुसऱ्याच दिवशीं अमेरिकन सरकारनें काय केलें? सर्व हौशी लोकांना बोलणें बंद करण्याचा हुकूम सोडला. इंग्लंडांत हेंच दोन वर्षे आधीं घडलें होतें. युद्ध सुरू होतांच तेथील परवाने स्थगित झाले व टपालखात्याचे लोक घरोघर जाऊन प्रक्षेपणयंत्रें घेऊन गेले. सरकारच्या दृष्टीनें पाहिलें तर यांत वावगें कांहीं नाहीं. आकाशांत बोलणारा मित्र कोणता व शत्रु कोणता हें कसें ओळखावें? परंतु मौज अशी कीं, ज्यांचीं तोंडें बंद केलीं त्यांच्या कानांची गरज त्याच सरकारला लागलीच भासली.

इंग्लंडच्या या श्रोत्यांची हकीकत जरा विस्तारानें सांगतों. शत्रूचे हेर देशांत शिरून बिनतारीनें बातम्या पाठवितील या भीतीनें १९३९ मध्यें रेडिओ सिक्युरिटी सर्व्हिस नांवाचें एक खातें निघालें. त्याला रात्रंदिवस लहरी तपासणारे कान हवे होते. लॉर्ड सँडहर्स्ट यांनीं हौशी मंडळाचे अध्यक्ष आर्थर वॉट्‌स यांच्याशीं बोलणें केलें, आणि हळूहळू सुमारें १५०० स्वयंसेवक जमले. कोणी कारकून, कोणी दुकानदार, कोणी शाळामास्तर. लष्करांत जाण्यास वयानें अगर प्रकृतीनें अपात्र असे पुष्कळ. दिवसभर आपला उद्योग करावा, आणि रात्रीं घराच्या माळ्यावर अगर बागेंतल्या खोपटांत बसून ठरलेल्या लहरी ऐकाव्या, हें त्यांचें व्रत. ऐकूं येई तें काय? नुसत्या ‘डा-डिट’च्या पांच पांच अक्षरांच्या ओळी, त्याहि अतिशय क्षीण, दुसऱ्या दहा आवाजांखालीं दडलेल्या. अर्थ कळण्याचें कारणच नव्हतें. ऐकलेलें उतरून ‘पेटी नंबर २५, बार्नेट’ या टपालाच्या पत्त्यावर धाडावयाचें, इतकेंच त्यांच्या हातीं.

इंग्लंडांत मोकाट हेर तर कोणी सांपडेना. परंतु या कागदांत दुसरेंच घबाड निघालें. ते संदेश आब्वेर या जर्मन हेरखात्याचे होते. युरोपभर पसरलेलीं त्याचीं ठाणीं एकमेकांशीं बोलत होतीं. पुढें इतिहासकार म्हणून प्रसिद्ध झालेले ह्यू ट्रेव्हर-रोपर व त्यांचे सहकारी गिल यांनीं १९४० च्या आरंभीं त्यांतील एका सांकेतिक लिपीचा उलगडा केला. नंतर ब्लेचली पार्क येथील तज्ज्ञांनीं तें काम हातीं घेतलें, आणि १९४१ च्या डिसेंबरांत डिली नॉक्स यांच्या मंडळीनें आब्वेरच्या एनिग्मा यंत्राचेंहि कोडें सोडविलें. त्यामुळें आपण पेरलेल्या खोट्या बातम्या जर्मनांना खऱ्या वाटतात कीं नाहीं, हें इंग्रजांना शत्रूच्याच तोंडून कळूं लागलें. १९४४ सालीं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरण्यापूर्वीं या ज्ञानाचें मोल किती होतें तें निराळें सांगावयास नको. आणि ही सर्व रास माळ्यावर जागणाऱ्या कारकुनानें उतरलेल्या कागदांपासून सुरू झाली. त्यांनीं गुप्ततेची शपथ घेतली होती व ती इतकी पाळली कीं, १९७९ मध्यें बी.बी.सी.नें त्यांच्यावर एक कार्यक्रम दाखवीपर्यंत बहुतेकांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना कांहीं ठाऊक नव्हतें.

आपल्या देशाचा संबंध या इतिहासाशीं निराळ्याच बाजूनें येतो. युद्ध सुरू झाल्यावर येथील सरकारनेंहि हौशी परवाने रद्द केले. आणि १९४२ सालीं ऑगस्टच्या अखेरीपासून १२ नोव्हेंबरपर्यंत मुंबईंत जागा बदलीत बदलीत ‘काँग्रेस रेडिओ’ नांवाचें गुप्त केंद्र चाललें. श्रीमती उषा मेहता तेव्हां बावीस वर्षांच्या विद्यार्थिनी होत्या. या केंद्राचें यंत्र उभारण्याचें काम नरिमन प्रिंटर या हौशी तंत्रज्ञानें केलें. परक्या सरकारला हौशी विद्येची भीति कां वाटे, याचें हें उत्तम उदाहरण. विद्या तीच, राज्य आपलें नव्हतें म्हणून ती राज्याच्या उलट वळली. प्रजेची विद्या आपल्या बाजूला हवी असेल, तर राज्यालाहि प्रजेच्या विश्वासाला पात्र व्हावें लागतें.

आतां पुन्हां अमेरिकेकडे वळूं. युद्धानंतर १९४८ सालीं भूदल व विमानदल यांनीं जुन्या संघटनेचें नव्या स्वरूपांत पुनरुज्जीवन केलें. तिच्या नांवाचीं इंग्रजी आद्याक्षरें जोडून ‘मार्स’ असा शब्द होतो, आणि याच नांवानें ती ओळखली जाऊं लागली. सभासदांना लष्कराची जुनी यंत्रसामुग्री मिळे, हौशी लहरींच्या शेजारच्या लष्करी लहरी वापरण्यास मिळत, आणि लष्करी पद्धतीचें शिक्षण मिळे. व्हिएटनामच्या युद्धांत या योजनेचें नांव घरोघर झालें.

तें असें. १९६५ पासून अमेरिकेचें सैन्य मोठ्या संख्येनें तिकडे गेलें. पॅसिफिक महासागरापलीकडून घरीं टेलिफोन करणें साधारण शिपायाच्या ऐपतीबाहेरचें होतें, व रानांतल्या ठाण्यांवर तशी सोयहि नव्हती. तेव्हां छावणींतील मार्स-केंद्रापुढें शिपायांची रांग लागे. तेथील चालक लहरींची अनुकूल वेळ साधून अमेरिकेंतील एकाद्या हौशी माणसाला गांठी. तो माणूस आपल्या घरच्या टेलिफोनवरून शिपायाचें घर जोडी, आणि टेलिफोन व बिनतारी यंत्र यांची गांठ घालणारें एक लहानसें उपकरण मध्यें ठेवी. समुद्रावरचें अंतर फुकट कापलें जाई. अमेरिकेंतल्या अमेरिकेंत जो टेलिफोनचा आकार पडे तेवढा घरच्यांनीं द्यावयाचा. याला ‘फोन पॅच’ म्हणत. मराठींत ‘टेलिफोनचें ठिगळ’ म्हटलें तरी अर्थ बरोबर उतरतो.

या संभाषणांत एका वेळीं एकालाच बोलतां येई. आपलें बोलणें संपलें कीं ‘ओव्हर’ म्हणावयाचें, आणि तो शब्द ऐकून मधल्या माणसानें कळ फिरवावयाची. (चित्रपटांत सैनिक ‘ओव्हर’ कां म्हणतात असें मुलें नेहमीं विचारतात, त्याचें कारण हेंच, शोभेसाठीं तो शब्द नाहीं.) आतां कल्पना करा. पलीकडून मुलगा म्हणतो, “आई, मी सुखरूप आहें, ओव्हर.” इकडे आईला हुंदका येतो, आणि ती ओव्हर म्हणावयाचें विसरते. मग त्या मधल्या परक्या माणसानें हळूच सांगावें, “बाई, बोलून झालें असेल तर ओव्हर म्हणा.” रांगेंत दुसरे उभे असत, लहरीची वाट केव्हां मिटेल याचा नेम नसे, म्हणून कांहीं मिनिटांत सारें आटोपावें लागे. त्या मिनिटांत कोणाला मुलगी झाल्याची बातमी मिळे, कोणाला बाप गेल्याची, कोणाचें ठरलेलें लग्न मोडल्याची. मधला माणूस तें सर्व ऐके, कारण ऐकल्यावांचून कळ फिरवितां येत नसे. आणि ऐकलेलें बाहेर बोलावयाचें नाहीं असा दंडक होता. दोन्ही देशांच्या घड्याळांत अर्ध्या दिवसाहून अधिक अंतर, त्यामुळें त्याला भलत्याच वेळीं यंत्रापाशीं बसावें लागे. ॲरिझोना प्रांताचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर, जे १९६४ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठीं उभे होते, ते स्वतः हौशी बिनतारीवाले होते. त्यांच्या घरच्या केंद्रावरून त्यांनीं व त्यांच्या सहकारी स्वयंसेवकांनीं मिळून अशीं दोन लाखांवर संभाषणें जोडून दिलीं. ज्यांना बोलण्याची संधि मिळत नसे त्यांचे थोडक्या शब्दांतले निरोप बिनतारीनें अमेरिकेंत जात, व तेथील स्वयंसेवक ते टपालानें अगर टेलिफोननें घरीं पोंचवीत.

तें युद्ध न्यायाचें होतें कीं नाहीं याविषयीं खुद्द अमेरिकेंत तीव्र मतभेद होते, आणि माझें मतहि त्या युद्धाला अनुकूल नाहीं. परंतु आईला मुलाचा आवाज ऐकविणाऱ्या माणसाला त्या वादांत ओढणें मला योग्य दिसत नाहीं.

ही रांग मग ओसरली कशी? कोणाच्या दुष्टाव्यानें नव्हे. १९९०-९१ च्या इराणी आखातांतील युद्धापर्यंत असे निरोप चालूं होते. त्यानंतर उपग्रहाचा टेलिफोन स्वस्त झाला, ई-मेल आला, आणि २००३ मध्यें इराकांत गेलेला शिपाई छावणींतून स्वतःच घरीं पत्र धाडूं लागला. आई व मुलगा यांच्या मध्यें तिऱ्हाइताचा कान राहिला नाहीं. हें उत्तमच झालें! कांहीं जुने हौशी लोक त्या दिवसांची आठवण काढून हळहळतात. त्यांच्या भावना मी समजूं शकतों, पण त्यांच्या दुःखांत सहभागी होऊं शकत नाहीं. पाण्याचा नळ घरांत आला म्हणून पाणक्यानें घरमालकावर रुसून कसें चालेल?

परंतु पाणक्या गेला म्हणून विहीर बुजवावी काय? येथें माझा त्या देशाच्या कारभाऱ्यांशीं मतभेद आहे. १९२५ सालीं हौशी लोकांना सैन्याशीं जोडलें तें घरगुती निरोप वाहण्यासाठीं नव्हे. शिकलेल्या माणसांचा एक सांठा देशाजवळ असावा, नेहमींचीं साधनें कोसळलीं तर दुसरें एक साधन जिवंत असावें, हा हेतु होता. घरचे निरोप हें मधल्या काळांतलें एक काम. तें इतकें वाढलें, इतकें लोकप्रिय झालें, कीं तेंच त्या योजनेचें सर्वस्व आहे असा लष्कराचाहि समज झाला आणि कित्येक सभासदांचाहि. तें काम संपतांच योजनेलाच अर्थ उरला नाहीं असें दिसूं लागलें. २००९ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेच्या संरक्षणखात्यानें नवा नियम काढून नांवांतील ‘संलग्न’ या अर्थाचा शब्द बदलून ‘साहाय्यक’ या अर्थाचा घातला, आणि आपत्काळीं मुलकी सरकारला मदत करणें यावर भर दिला. विचार योग्य होता. पण तोंपर्यंत वीस वर्षे गेलीं होतीं. सभासद म्हातारे झाले होते, आणि तरुणांना या दारांतून आंत येण्याचें कारण दिसत नव्हतें. सहा वर्षांनीं आरमारानें तर दारच लावून घेतलें व आपल्या सभासदांना इतर दोन दलांच्या योजनांत जाण्यास सुचविलें.

हौशी लोकच नाहींसे झाले, असें कोणी समजूं नये. अमेरिकेंत परवानेधारकांची संख्या २०१२ पासून सात लाखांवर आहे. व्हिएटनामच्या काळांत ती याहून पुष्कळ कमी होती. म्हणजे माणसें वाढलीं आणि सेवेचा संबंध सुटला. याचा थोडा दोष हौशी लोकांकडेहि जातो. पूर्वींचा हौशी मनुष्य आपलें यंत्र पुष्कळदां स्वतः जोडी. बिघडलें तर तोच उघडी. आतां तयार यंत्र विकत मिळतें, व पुष्कळांनीं त्याचें झांकण कधींच काढलेलें नसतें. २००७ सालीं अमेरिकेंतील परीक्षेंतून मोर्सच्या लिपीची सक्ति काढून टाकली, तिच्यावर कांहीं लोक सर्व खापर फोडतात. तें मला पटत नाहीं. लिपि बदलेल, यंत्र बदलेल. क्षीण आवाज धीरानें ऐकण्याची संवय आणि आपलें यंत्र आपण दुरुस्त करण्याची तयारी या दोन गोष्टी गेल्या तर मात्र सात लाख परवान्यांचा उपयोग काय?

यावर एक आक्षेप असा घेतात कीं, आधुनिक सैन्याचीं बोलणीं गुप्त लिपींत चालतात. तेथें बाहेरच्या माणसाला कसें घ्यावें? त्याला ना हुद्दा, ना शिस्त. शिस्तीचें उत्तर बार्नेटच्या त्या पेटीनें दिलेंच आहे. चाळीस वर्षे मौन पाळणाऱ्यांना बेशिस्त कोण म्हणेल? गुप्ततेचा मुद्दा अधिक वजनाचा आहे हें मी मान्य करतों. लढाईच्या आघाडीवर हौशी माणसाचें काम नाहीं, आणि त्यानें उपग्रहाची जागा घ्यावी असेंहि कोणी शहाणा म्हणणार नाहीं. एका उपग्रहावरून क्षणांत जितका मजकूर जातो तितका त्याच्या हातून महिन्यांतहि जाणार नाहीं. प्रश्न उपग्रह बंद पडेल त्या दिवसाचा आहे.

तो दिवस कल्पनेंतला नव्हे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं रशियाचें सैन्य युक्रेनमध्यें शिरलें, आणि त्याच दिवशीं व्हायासॅट कंपनीच्या उपग्रहजाळ्यावर संगणकी हल्ला होऊन युक्रेनांतील व युरोपांतील हजारों ग्राहकांचीं यंत्रें निकामी झालीं. दूर जर्मनींतील सुमारें ५८०० पवनचक्क्यांशीं असलेला नियंत्रणाचा संबंधहि त्यामुळें तुटला. आणि युक्रेनच्या सरकारनें हौशी लोकांचें काय केलें? १९३९ व १९४१ सालीं झालें तेंच. त्यांचीं प्रक्षेपणें थांबविलीं. त्या सरकारला मी दोष देत नाहीं. परंतु यावरून एक गोष्ट उघड होते. ज्यांची ओळख, शिक्षण व शपथ शांततेच्या काळांत झालेली आहे अशाच माणसांना युद्धाच्या पहिल्या दिवशीं बोलूं देतां येतें. बाकीच्यांना गप्प बसविण्यावांचून सरकारला गत्यंतर नसतें. मार्ससारखी योजना म्हणजे ही आगाऊ करून ठेवलेली ओळखच होय, आणि ती ठेवण्याचा खर्चहि फारसा नव्हता, कारण यंत्र सभासदाचें, वीज सभासदाची, वेळ त्याचा.

लष्कराचें दार लहान झालें, तसा या लोकांच्या सेवेचा ओघ दुसरीकडून वाहूं लागला. सप्टेंबर २०१७ मध्यें मारिया नांवाच्या वादळानें प्वेर्तो रिको बेटावरील शेंकडा ९५ च्या आसपास मोबाइल मनोरे बंद पाडले, तेव्हां रेड क्रॉसच्या विनंतीवरून बावीस हौशी स्वयंसेवक यंत्रें घेऊन त्या बेटावर गेले. आपल्याकडे २००१ सालच्या भुजच्या भूकंपांत हौशी लोकांनीं असेंच काम केलें. २६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामी आली त्या वेळीं श्रीमती भारती प्रसाद या हौशी बिनतारीचालिका आपल्या मंडळीसह योगायोगानें पोर्ट ब्लेअरलाच होत्या. पुष्कळ वर्षांनंतर अंदमानांतून हौशी प्रक्षेपणाला परवानगी मिळाली होती, व जगभरच्या हौशी लोकांशीं बोलण्यासाठीं त्या तेथें गेल्या होत्या. जमीन हादरली, टेलिफोन मुके झाले, आणि छंदासाठीं नेलेल्या त्या यंत्रावरून बेटावरच्या लोकांची खुशाली मुख्य भूमीवरील त्यांच्या आप्तांना कळूं लागली. तें यंत्र त्या दिवशीं तेथें होतें, हा दैवयोग. तें चालवावयास येत होतें, हा मात्र दैवयोग नव्हे. त्यामागें अनेक वर्षांचा अभ्यास होता.

पालकांना येथें दोन शब्द सांगावेसे वाटतात. या छंदाला परीक्षेंत गुण नाहींत, म्हणून तो निरुपयोगी असा आपला ग्रह होण्याचा संभव आहे. विजेचा प्रवाह, लहरी, पृथ्वीचा गोल, देशोदेशींच्या वेळा, इंग्रजी संभाषण, हे सर्व विषय मूल त्यांत सहज शिकतें, हा त्याचा लहानसा लाभ. पण त्यासाठीं मी या छंदाची शिफारस करीत नाहीं. आमच्या मुलांना हल्लीं सर्व कांहीं पलीकडून मिळतें, पलीकडे काय चाललें आहे तें मात्र ठाऊक नसतें. मनोऱ्यावांचून, कंपनीवांचून, आपल्या गच्चीवरची एक तार आणि आकाश यांच्या बळावर हजार कोसांवरचा मनुष्य आपल्याशीं बोलतो, हें ज्यानें एकदां अनुभविलें त्याची यंत्राकडे पाहण्याची दृष्टि पालटते.

ज्यांना इच्छा असेल त्यांनीं आरंभ ऐकण्यापासून करावा. बोलावयाचें तर केंद्रसरकारच्या दूरसंचार खात्याचा परवाना हवा. त्यासाठीं नियम व विद्युत्‌शास्त्र यांची परीक्षा द्यावी लागते, आणि शाळकरी वय तिच्या आड येत नाहीं. वरच्या वर्गांतील पदार्थविज्ञान ज्याला समजतें त्याला ती जड जाऊं नये. सात मेगाहर्ट्‌झच्या लहरी ऐकण्यास सुमारें वीस मीटर तांब्याची तार पुरते. मधोमध ती तोडून तेथून यंत्राकडे जोडतार आणावी. गच्ची तेवढी लांब नसेल तर एक टोंक खालीं ओढून तिरपी बांधली तरी चालते. ती विजेच्या तारांपासून दूर असावी, हें पालकांनीं स्वतः पाहावें. आणि पावसाळ्यांत गडगडाट सुरू होतांच ती यंत्रापासून सोडवून घराबाहेर टाकावी.